लढाईवर गेलेला चिप्स

रात्री शिवारात कुणी परका आला, की आपल्या आधी कुत्र्याला कळते. आपण गाढ झोपेत असतो. तो कान टवकारतो, वारा हुंगतो आणि भुंकायला लागतो. त्याचा हाच गुण लढाईत कामाला येतो. कसा, ते आज आपण पाहू.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिका उतरली, तेव्हा तिच्या लष्कराजवळ पहाऱ्याची कुत्री जवळजवळ नव्हतीच. म्हणून १९४२ साली लोकांना सांगितले, की घरचा धडधाकट कुत्रा सैन्याला द्या. हजारो घरांनी दिला. न्यूयॉर्क राज्यातल्या प्लेझंटव्हिल गावच्या एका कुटुंबाने आपला चिप्स दिला.

कुत्र्यांची शिकवणी सुरू झाली. पहाऱ्याच्या कुत्र्याने गुरगुरले, भुंकले तरी चालते. पण फौजेच्या पुढे चालणारा कुत्रा भुंकला, तर शत्रूला आपला ठाव लागायचा! म्हणून त्याला गप्प राहायला शिकवतात. वास आला की तो थबकतो, कान उभे करतो. साखळी धरणारा शिपाई तेवढ्यावरून ओळखतो. ही विद्या काठीने येत नाही बरं का. शाबासकीने येते.

१० जुलै १९४३. इटलीचे सिसिली बेट. पहाटे फौज किनाऱ्यावर उतरली. समोर एक झोपडी दिसत होती. तिच्यातून एकदम मशीनगनचा मारा सुरू झाला. माणसे जमिनीवर पालथी पडली. चिप्सने हिसका मारून दोरी सोडवली आणि तो थेट आत घुसला. मशीनगन थांबली. एक शिपाई धडपडत बाहेर आला. चिप्स त्याला झोंबलेला! मागून बाकीचे हात वर करून आले. चिप्सच्या डोक्याला जखम झाली होती, अंग दारूने पोळले होते.

त्याला शौर्याचे पदक मिळाले. आणि पुढे ते काढून घेतले! पदके माणसांची, जनावरांची नव्हेत, असे वरच्यांचे म्हणणे पडले. नियम असेल, आम्हांला काही हे पटत नाही. चिप्सला त्याचे काय! १९४५ च्या डिसेंबरात तो आपल्या घरी परतला आणि पुढच्याच वर्षी मेला. २०१८ साली लंडनला त्याच्या नावाने डिकिन पदक दिले. हे पदक खास जनावरांसाठीच असते.

चिप्स नशिबाचा म्हणायचा. पुढे व्हिएतनामच्या लढाईत अमेरिकेची सुमारे ४००० कुत्री होती. जंगलातले सुरुंग, सापळे, दबा धरलेली माणसे हुंगून त्यांनी पुष्कळांचे प्राण वाचवले. पण लष्कराच्या वहीत त्यांची नोंद सामान म्हणून होती. फौज परत निघाली, तेव्हा तंबू-भांड्यांसारखी कुत्रीही मागे राहिली. काही तिथल्या सैन्याला दिली, काही मारून टाकली. मायदेशी आली जेमतेम २००. शिपायांना आपापला कुत्रा घरी न्यायचा होता. परवानगी नव्हती.

२००० साली अमेरिकेत कायदा झाला. काम संपलेला लष्करी कुत्रा त्याच्या शिपायाला पाळायला देता येऊ लागला. व्हिएतनामहून रिकामी साखळी घेऊन परतलेली पोरे तोवर पन्नाशीला आली होती.