बर्फ नसलेला हिवाळा

हिवाळा म्हटले की मुलांच्या पुस्तकात बर्फाचा माणूस उभा. आपल्या उपनगरात बर्फ कुठला! सांताक्रूझचा नीचांकसुद्धा ७.४ अंश, २२ जानेवारी १९६२चा. तेव्हा मुलांना आपलाच हिवाळा घडवू द्या: शेकोटी, घोंगडीतली आजी, तिला बिलगलेला कुत्रा.

दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ. थोडे थोडे पाणी घालून कणकेसारखे घट्ट मळा. खारट फार, तोंडात घालू देऊ नका. हातपाय जोडताना सांध्याला ओले बोट लावा, नाहीतर वाळल्यावर गळतात. उन्हात घाईने वाळवल्यास तडे जातात. घरातच दोन-तीन दिवस ठेवा.

आरेच्या पाड्यावरचे मूल एरवी वर्गात गप्प असते. शेकोटी कशी रचायची, हे त्यालाच विचारा.