गंगाराम कांबळे : चहाचे दुकान आणि समतेचे राजकारण

कायदा व आचरण यांचा संबंध कोल्हापूरच्या या उदाहरणावरून समजून घ्या. संस्थानच्या पागेतील नोकर गंगाराम कांबळे यांना, अस्पृश्य असून पाण्याच्या हौदाला शिवल्याबद्दल, मारहाण झाली. राजर्षी शाहू महाराजांनी त्यांना चहाचे दुकान काढण्यास साहाय्य केले. स्पृश्य गिऱ्हाईक तेथे फिरकेना. तेव्हा महाराज स्वतः गाडी थांबवून चहा घेत व बरोबरच्या मंडळींनाही देववीत. १९१९ मध्ये सार्वजनिक ठिकाणी अस्पृश्यता पाळण्यास संस्थानने मनाई केली. ती पाळली जाते की नाही, हे अशा दुकानातच दिसे. पुढे १९२५ मध्ये याच दुकानदाराच्या पुढाकाराने अस्पृश्य समाजाने महाराजांचे स्मारक उभारले.

स्वाध्याय : हुकूम असताना महाराजांना स्वतः चहा का घ्यावा लागला, ते स्पष्ट करा.