वह्या द्या, पण माइकशिवाय
गावाचा शालेय निधी चालवण्याची कृती

कोकणात वह्यावाटपाचा कार्यक्रम कुणाला नवा नाही. मुंबईचे ग्रामस्थ मंडळ वह्यांचे गठ्ठे पाठवते, टेबलावर चादर पडते, 'गरीब व होतकरू' मुलांची नावे माइकवरून पुकारली जातात, फोटो निघतात. देणाऱ्यांची नियत चांगलीच असते. पण वह्या पुष्कळदा शाळा सुरू होऊन महिना-दोन महिने उलटल्यावर पोहोचतात, आणि नाव पुकारलेले पोर वर्षभर वर्गात 'वह्या मिळालेले' म्हणून ओळखले जाते.

विजयदुर्गासारख्या किनाऱ्यावरच्या गावात या वेळेला फार महत्त्व आहे. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते. हापूसचा हंगाम आटोपलेला, बागेतली मजुरी थांबलेली. आणि शाळा उघडते १५ जूनच्या सुमारास. घरात पैसा नसतो तेव्हाच वही, दप्तर, छत्री आणि प्रवेशाचा खर्च समोर येतो. म्हणून गावाच्या शालेय निधीचे वर्ष गणेशचतुर्थीला सुरू करायचे आणि मे महिन्यात संपवायचे.

काय लागेल

पाच माणसांची समिती, त्यात निदान दोन बायका. दोन सह्यांचे बँक खाते. गावातला किंवा बाजारातला एक विश्वासू वह्या-पुस्तकांचा दुकानदार. एक पावतीपुस्तक आणि एक कुलपातली वही.

कृती

१. चतुर्थीत बैठक घ्या. चाकरमानी तेव्हा घरी असतात. बैठक देवळात नको, शाळेत घ्या. गावात गाबीत मच्छीमार आहेत, मुसलमान आहेत, चिरेखाणीवरचे कामगार आहेत, आंबाबागांतले नेपाळी राखणदार आहेत. शाळेचा उंबरठा सगळ्यांना सारखा. शाळा व्यवस्थापन समितीला बोलवाच. शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे तिच्यात तीन चतुर्थांश पालक असतात, त्यामुळे खरी नड त्यांनाच आधी कळते.

२. कागद नीट करा. मंडळ नोंदणीकृत असेल तर त्याच्याच खात्यातून काम करा. नवी संस्था काढण्याची हौस नको. नोंदणी नसेल तर सार्वजनिक वर्गणी काढण्याआधी महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१-क प्रमाणे धर्मादाय आयुक्त कार्यालयाची परवानगी घ्या. गणेशोत्सव मंडळांना ही वाट माहीत असते.

३. सरकार काय देते ते आधी लिहून काढा. पहिली ते आठवीची पाठ्यपुस्तके सरकारी आणि अनुदानित शाळांत मोफत मिळतात. मुलींना शाळेत जायला एसटीचा पास अहिल्याबाई होळकर योजनेतून मोफत आहे, मुलग्यांना सवलतीत. या गोष्टींवर निधीचा रुपया खर्चू नका. पदरचा खर्च खरा वाढतो तो नववीपासून: पुस्तके, मुलग्यांचा पास, दहावीचे परीक्षाशुल्क, अकरावीचा प्रवेश.

४. वर्गणी हंगामाप्रमाणे घ्या. चाकरमान्यांकडून चतुर्थीत, बागायतदारांकडून एप्रिल-मेमध्ये शंभर पेट्यांमागे एका पेटीची किंमत, रापणीच्या, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्याच्या, संघाकडून चांगल्या दिवशी एक वाटा. पणजीची मुष्टिफंड संस्था १९०८ साली घरटी मूठभर तांदळावर उभी राहिली. जो आज घेतो त्यालाही उद्या मूठभर देता यावे, म्हणून किमान वर्गणी ठरवू नका.

५. पावसाळा संपला की आठवीकडे लक्ष द्या. राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती परीक्षा आठवीत असते आणि अर्ज शाळेमार्फत जातो. पालकांचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवे. निवड झाली तर नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये, म्हणजे चार वर्षांत ४८,००० रुपये थेट मुलाच्या खात्यात येतात. सरावाच्या पुस्तकांवर आणि शनिवारच्या शिकवणीवर केलेला थोडका खर्च याहून चांगला कुठे फळेल?

६. दाखल्यांचे काम अंगावर घ्या. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, आधार जोडलेले खाते यांवाचून शिष्यवृत्त्या अडकतात. त्यासाठी तालुक्याच्या ठिकाणी, देवगडला, फेरी मारायची म्हणजे आईची एक दिवसाची मजुरी बुडते. समितीतल्या एकाने अर्ज भरून द्यावा, सोबत जावे, एसटीचे भाडे निधीतून द्यावे.

७. बागा आणि खाणी फिरा. हंगामापुरत्या आलेल्या कुटुंबांची पोरे यादीत कधीच नसतात. जन्मदाखला किंवा जुन्या शाळेचा दाखला नाही म्हणून शाळेला प्रवेश नाकारता येत नाही, आणि प्रवेश वयानुरूप वर्गात मिळतो. पालकांना घेऊन मुख्याध्यापकांकडे जा. कुटुंब परत निघाले की शिक्षण हमी पत्रक मागून घ्या. पुढच्या शाळेत ते उपयोगी पडते.

८. मेअखेरीस चिठ्ठ्या द्या, वह्या नव्हे. सगळ्या कृतीचा कणा हाच. ठरलेल्या रकमेची चिठ्ठी बंद पाकिटात पालकाच्या हाती द्या. ती दुकानात दाखवून मुलाने आपल्या पसंतीची वही, कंपासपेटी, दप्तर, छत्री घ्यावी. बिल समिती नंतर भागवील. दुकानदाराने चिठ्ठीवाल्याला वेगळे उभे करायचे नाही, हे आधीच बजावा. जिथे शाळेचा पट वीस-पंचवीसच आहे, तिथे निवड करूच नका, सगळ्यांना द्या. नववीच्या पुढे मागणी कानावर घालायला वर्गशिक्षक आणि समितीतली एक बाई एवढी दोनच दारे ठेवा.

९. मुलींच्या स्वच्छतागृहाची कडी बघा. दाराला आतून कडी, नळाला पाणी, झाकणाचा डबा आणि बाईंच्या कपाटात सॅनिटरी पॅड. यात एक जरी कमी असेल तर मोठ्या मुली महिन्यातले काही दिवस घरी राहतात. वह्यांआधी हा खर्च करा.

१०. हिशेब लावा. ऑगस्टमध्ये होड्या पुन्हा दर्यावर गेल्या की जमाखर्च शाळेच्या फलकावर लावा. देणाऱ्यांची नावे लिहा, घेणाऱ्यांची फक्त संख्या. घेणाऱ्यांच्या नावांची वही कुलपात राहील.

सांभाळायच्या गोष्टी

मुलांचे फोटो काढायचे नाहीत आणि व्हॉट्सॲप गटावर टाकायचे नाहीत. दप्तरावर किंवा वहीच्या पुठ्ठ्यावर देणगीदाराचे नाव छापायचे नाही. सत्काराला मुलांना उभे करायचे नाही, त्यांच्याकडून आभाराचे भाषण करवायचे नाही. देणगीदाराने फोटोचा हट्ट धरला तर त्याला नव्या कडीचा फोटो पाठवा.

पद्धत जमली की नाही, हे पुढच्या चतुर्थीच्या बैठकीत ओळखता येते. यंदा चिठ्ठी कुणाला मिळाली, असे समितीबाहेरच्या चार माणसांना विचारा. कुणाला सांगता आले, तर चिठ्ठी फुटते कुठे ते शोधा आणि तेवढी वाट बदला.