काळा ढग चमकतो कसा?

अवरक्त दुर्बिणींबद्दल दोन विधानं तुम्ही हमखास वाचली असतील. एक, अवरक्त प्रकाश धुळीच्या ढगांतून आरपार जातो. दुसरं, धुळीचे ढग अवरक्त प्रकाशात चमकतात. मग ढग पारदर्शक म्हणायचा की दिवा? खरं तर दोन्ही बरोबर आहे. ‘अवरक्त’ या एका शब्दात आपण फार लांबरुंद पट्टा कोंबतो, तिथे घोळ होतो.

भुजंगधारी तारकासमूहातला बर्नार्ड ६८ हा ढग घेऊ. अंतर सुमारे ५०० प्रकाशवर्षं. दृश्य प्रकाशातल्या फोटोत तो ताऱ्यांच्या गर्दीत पडलेल्या भोकासारखा दिसतो. त्याच्या मध्यातून दृश्य प्रकाश सुमारे ३० प्रतींनी मंदावतो, म्हणजे मागच्या ताऱ्याच्या एक लाख कोटी फोटॉनांपैकी जेमतेम एक आपल्याकडे पोहोचतो. तोच ढग २.२ मायक्रॉनला पाहा: वीसातला एक येतो! मागचे तारे दिसू लागतात.

कारण कणांच्या आकारात आहे. धूलिकण साधारण दशांश मायक्रॉनचे. अर्ध्या मायक्रॉनची दृश्य लहर त्यांना अडते, शोषली जाते किंवा विखुरते. लहर कणापेक्षा बरीच लांब झाली की कण तिच्या खिजगणतीत राहत नाही. (अपवाद १० मायक्रॉनच्या आसपास. तिथे सिलिकेटमधले सिलिकॉन-ऑक्सिजन बंध कंप पावतात आणि शोषण पुन्हा वाढतं. म्हणून ‘तरंगलांबी जितकी जास्त तितका ढग पारदर्शक’ हा नियम डोळे झाकून लावू नका.)

आता शोषलेल्या ऊर्जेचं काय? ती बाहेर पडायलाच हवी. पण जो कण लांब लहरी नीट शोषत नाही, तो त्या नीट सोडतही नाही. त्यामुळे ऊर्जेचा हिशेब जुळेपर्यंत तो तापत जातो. आकाशगंगेतल्या सर्वसाधारण ताराप्रकाशात एखादी मोठी काळी वस्तू ३-४ केल्विनवर थांबली असती. धूलिकण १५-२० केल्विनपर्यंत जातो. या तापमानाला उत्सर्जनाचा भर २०० मायक्रॉनच्या आसपास असतो. आपल्या हवेतली वाफ ही लांबी अडवते, म्हणून २००९ साली हर्शेल दुर्बीण अवकाशात पाठवावी लागली. तिने बर्नार्ड ६८ चमकताना टिपला: कडेला १६-१७ केल्विन, आणि ताराप्रकाश पोहोचत नाही त्या गाभ्यात ८ च्या आसपास.

इथे एक फार सोयीची गोष्ट घडते. एकेका कणाचा उजेड क्षीण, पण या लहरींना ढग पारदर्शक असल्याने गाभ्यातल्या कणाचाही उजेड थेट बाहेर येतो. तापमान ठाऊक असेल तर एकूण चमकेवरून धुळीचं वजन काढता येतं, आणि धूळ वायूच्या सुमारे शंभरावा भाग धरून ढगाचंही.

शिवाय याच वाटेने ढग थंड राहतो. दाट भागात वायूचे रेणू कणांवर आपटून उष्णता देतात, कण ती अवरक्तात उधळतात. ढग आकसत राहिला, तर एक वेळ अशी येते की या लांब लहरीही गाभ्यातून सुटत नाहीत. मग उष्णता आत कोंडते, आणि भावी ताऱ्याचा गाभा तापू लागतो.