पाणी गेले कुठे? – मॅलहॅमच्या चुनखडकी घळींचा अभ्यास

भूगोलाच्या पुस्तकातील ‘कार्स्ट भूरूपे’ हा पाठ आपण सर्वांनीच वाचलेला असतो. परंतु महाराष्ट्राचा बहुतेक भाग काळ्या बेसाल्टचा असल्याने ती भूरूपे सहसा आपल्या पाहण्यात येत नाहीत. इंग्लंडच्या यॉर्कशायर परगण्यात मॅलहॅम हे लहानसे खेडे आहे. तेथून निघून तेथेच परतणारी सुमारे १२ किलोमीटरांची पायवाट मी एका दिवसात चाललो. त्या वाटेच्या क्रमानेच हे विवेचन करतो.

प्रथम मूळ तत्त्व पाहू. पावसाचे पाणी हवेतील व मातीतील कार्बन डायऑक्साइड शोषून सौम्य आम्लधर्मी बनते आणि चुनखडकाला विरघळवते. खडकातील भेगा त्यामुळे रुंदावतात व पाणी पृष्ठभाग सोडून भूगर्भात शिरते. येथील खडक सुमारे ३३ कोटी वर्षांपूर्वी उथळ, उष्ण समुद्रात साचलेला आहे.

पहिला टप्पा जॅनेट्स फॉस हा छोटा धबधबा. येथे उलट क्रिया दिसते : पाण्यातील वायू निसटतो आणि विरघळलेला चुना शेवाळावर पुन्हा थरांनी साचतो. पुढे गॉर्डेल स्कार ही उंच कड्यांची घळ लागते. गुहेचे छत कोसळून ती झाली, असे पूर्वी मानीत; हिमयुगातील वितळलेल्या बर्फाच्या पाण्याने ती कोरली, हे मत आता अधिक ग्राह्य धरले जाते. धबधब्याच्या कडेने हातपाय टेकीतच वर चढावे लागते.

वर मॅलहॅम टार्न हे सरोवर आहे. चुनखडकाच्या प्रदेशात पाणी टिकले कसे? कारण सरोवराच्या तळाशी अपार्य स्लेट आहे. सरोवरातून निघालेला ओढा चुनखडकावर येताच थोड्याच अंतरात जमिनीत गडप होतो. पुढची वॉटलोज दरी कोरडी ठणठणीत आहे. हिमयुगात जमीन गोठलेली असल्याने पाणी वरून वाहिले व त्याने ही दरी खोदली.

दरीच्या टोकाला सुमारे ८० मीटर उंचीचा मॅलहॅम कोव्ह हा अर्धवर्तुळाकार कडा आहे. त्याच्या पायथ्यातून ओढा उगम पावतो. वर गडप झालेले पाणी ते हेच, असे पाहणाऱ्यास साहजिकच वाटते. परंतु पाण्यात रंग सोडून केलेल्या प्रयोगांनी निराळेच दाखविले : सरोवराचे पाणी मुख्यतः गावाच्या दक्षिणेस, एअर हेड येथील झऱ्यांतून वर येते, कड्याखालचा ओढा प्रामुख्याने पश्चिमेकडच्या दुसऱ्याच विवरातून येतो. म्हणजे भूमिगत प्रवाह परस्परांना ओलांडून जातात! डिसेंबर २०१५ च्या अतिवृष्टीत मात्र भुयारे तुडुंब भरली आणि हयात माणसांच्या आठवणीत प्रथमच कड्यावरून धबधबा कोसळला.

कड्याच्या माथ्यावर चुनखडकाची नैसर्गिक फरसबंदी आहे. तिच्या खोल भेगांत वाऱ्यापासून व मेंढ्यांपासून सुरक्षित अशी नेच्यांची रोपे वाढतात. अशा फरसबंदीचे दगड इंग्लंडात बागांच्या शोभेसाठी सर्रास उपटून नेले जात. १९८१ च्या कायद्याने त्यांना संरक्षण मिळण्याची तरतूद झाली. हिमनद्यांनी खरवडलेला आणि हजारो वर्षे पावसाने कोरलेला हा दगड एकदा गेला की मनुष्याच्या कालमानात पुन्हा घडणार नाही.

नकाशावर दोन बिंदू जोडणे सोपे असते. पाणी तशा सरळ रेषेने वाहतेच असे नाही. डोळ्यांनी केलेले अनुमान प्रयोगाने पडताळावे लागते, हा या पायवाटेचा धडा भूगोलापुरता मर्यादित नाही, असे मला वाटते.