वाड्याला सिमेंट का चालत नाही?

वाडा म्हटलं की आपल्याला एकतर सिनेमा आठवतो नाहीतर भुताची गोष्ट. पण आमच्या कुर्डुवाडी भागात गावोगावी जुने वाडे आहेत. खाली दगडी जोतं, वर मातीच्या जाड भिंती अन् धाब्याचं छत. आमच्या भावकीत सध्या हाच विषय आहे, आजोबांचा वाडा पाडायचा की दुरुस्त करायचा? चुलते म्हणतात, "चार पोती सिमेंट आणू, गिलावा मारू, झालं!" या 'झालं'मध्येच खरी गोम आहे.

आधी एक नामांकित उदाहरण घेऊ. वाईजवळचं मेणवली गाव १७६८ साली नाना फडणवीसांना औंधच्या पंतप्रतिनिधींकडून मिळालं. नानांनी तिथे कृष्णाकाठी सहा चौकांचा वाडा, घाट आणि देवळं बांधली. पुण्याच्या राजकारणापासून लांब, गावाकडचं घरच म्हणा ना! वसईच्या मोहिमेतून आलेली पोर्तुगीज घंटा तिथे आहे, तिच्यावर १७०७ साल कोरलेलं आहे. 'स्वदेस' (२००४) मेणवलीत चित्रित झाला, त्यामुळे बरेच जण घाटावर फोटो काढतात आणि वाडा न बघताच परत फिरतात.

आता गंमत बघा. पेशवाई बुडाली १८१८ ला आणि पोर्टलंड सिमेंटचं पेटंट निघालं १८२४ ला. म्हणजे पेशवेकालीन वाड्यात सिमेंट असणं शक्यच नाही. सगळा कारभार चुन्याचा नि मातीचा. चुनखडी सुमारे ९०० अंशांवर भाजायची, मग कळीचा चुना पाण्यात विरवायचा, वाळू आणि विटांची भुकटी घालून बैलाच्या घाणीत मळायचा. काही ठिकाणी गूळ, हिरड्याचं पाणीही घालत. हा चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत घेत सावकाश घट्ट होतो, म्हणजे पुन्हा चुनखडीच बनतो.

असा चुना भिंतीतली ओल बाहेर जाऊ देतो. सिमेंटचा थर कडक आणि बंद. जोत्यातून चढलेली ओल त्याच्यामागे अडकते, क्षार साठतात आणि गिलाव्यासकट विटेचा पापुद्रा सुटतो. मातीची भिंत तर आतून मऊ पडत जाते. बाहेरून सगळं चकाचक! त्यातून वाड्याचं बरंचसं वजन लाकडी खांब-तुळयांवर असतं. भिंतीत घुसलेलं तुळईचं टोक ओलीने कुजलं की वरचा मजला बसतो.

म्हणून दुरुस्तीचा क्रम महत्त्वाचा. आधी पाणी अडवा. छत, पन्हाळी, भिंतीलगतची मोरी बघा. मग कुजलेलं तेवढंच लाकूड कापून त्याच जातीच्या लाकडाचा सांधा द्या, अख्खी तुळई बदलू नका. गिलावा सगळ्यात शेवटी. इंग्लंडात विल्यम मॉरिसने १८७७ मध्ये जुन्या इमारतींसाठी संस्था काढली, तिचं म्हणणंही थोडक्यात हेच होतं, नवं करू नका, रोजची निगा राखा. आमची आज्जी दरवर्षी पावसाळ्याआधी धाब्यावर पांढरी माती टाकून घ्यायची. तिला मॉरिस माहीत नव्हता.

चुलत्यांना मी एवढंच पटवलंय की सिमेंट दिवाळीपर्यंत आणायचं नाही. घाणी आता गावात नाही, पण शेजारच्या वस्तीवरच्या एका म्हाताऱ्या गवंड्यांनी चुना विरवून महिनाभर पाण्याखाली ठेवायला सांगितलंय. मागच्या पडवीची एक भिंत त्याने करून बघायची, आणि पाऊस झाल्यावर बाकीचं ठरवायचं.