रिटर्न स्वतः भरा, तेही फुकट

स्क्रीन व्हिडिओत दाखवली आहे, इथले मुद्दे वहीत लिहून ठेवा.

माझ्या दुकानाचं पहिलं रिटर्न एका एजंटने भरलं. पोर्टलवर मोबाईल आणि ईमेल त्याने स्वतःचाच टाकला. पुढे नोटीस आली ती त्याच्याकडे. मला कळलं चार महिन्यांनी. तेव्हापासून मीच भरतो.

१. आयकर विभागाच्या ई-फायलिंग पोर्टलवर पॅनने नोंदणी करा. फी नाही. मोबाईल नंबर तुमचाच द्या.

२. एआयएस आणि २६एएस उघडून बँकेच्या नोंदींशी ताडून बघा.

३. छोट्या दुकानाला बहुतेक वेळा आयटीआर-४ 'सुगम' चालतो. समजा वर्षाची विक्री १२ लाख. त्यातले ८ लाख यूपीआय किंवा बँकेतून आले, त्यावर ६ टक्के म्हणजे ४८,०००. उरलेले ४ लाख रोख, त्यावर ८ टक्के म्हणजे ३२,०००. किमान नफा ८०,००० दाखवायचा. खरा नफा जास्त असेल तर तो दाखवा.

४. सबमिट केल्यावर ३० दिवसांत आधार ओटीपीने ई-व्हेरिफाय करा. हे राहिलं तर रिटर्न ग्राह्य धरत नाहीत.

कर शून्य आला तरी भराच. उद्या कर्ज मागायला गेलात की बँक आधी रिटर्नच बघते. आज फक्त लॉगिन करून तिथे कोणाचा नंबर आहे तेवढं तपासा.